छोट्या इंजिनाचा कार्बोरेटर : जुळणी केव्हा आणि कशी

बीड जिल्ह्याच्या ग्रामीण भागात पेट्रोलवर चालणाऱ्या दोन छोट्या यंत्रांनी गेल्या काही वर्षांत आपले स्थान पक्के केले आहे. एक, पाठीवर अडकवून वापरावयाचे फवारणी यंत्र. दुसरे, खांद्याच्या पट्ट्याला टांगून चालवावयाचे गवत कापणी यंत्र, ज्याला सर्वत्र ब्रश कटर असेच म्हटले जाते. गेवराई-माजलगावकडील कापूस असो, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या बीडच्या सीताफळाच्या बागा असोत, बांधावरचे गवत असो की शाळेच्या पटांगणात पहिल्या पावसाबरोबर उगवणारे गाजरगवत असो, या यंत्रांवाचून आता अनेकांचे अडते. २०१४-१५ पासून सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अशा यंत्रांना अनुदान मिळू लागले आणि मजुरांची टंचाई जाणवणाऱ्या गावांतून त्यांची मागणी वाढली. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात गल्लीबोळांतून जंतुनाशकाची फवारणी करण्यासाठीही हीच पाठीवरची यंत्रे बाहेर काढली गेली.

यंत्र आले, तरी ते टिकविण्याची विद्या मात्र त्याच्यासोबत खोक्यातून येत नाही. एकदोन हंगाम काम दिल्यानंतर यंत्र सुरू होण्यास कुरकुर करू लागते, रेस दिली की गुदमरते, किंवा चालता चालता एकाएकी बंद पडते. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर आणतो आणि कार्बोरेटरवर दिसणारा पहिला स्क्रू फिरवतो. यंत्र क्षणभर जोमाने गर्जते. सर्वांना समाधान वाटते. आणि पुढच्या दोन-चार तासांच्या कामात पिस्टन धरून बसतो. ज्या यंत्राला वास्तविक मूठभर फोम धुण्याची आणि एक प्लग पुसण्याची गरज होती, ते यंत्र अशा रीतीने निर्लेखनाच्या यादीत जाते. कार्बोरेटरची जुळणी ही अवघड गोष्ट नाही. परंतु ती दुरुस्तीची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

कार्बोरेटर करतो काय?

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली तरच ठिणगी पडताच ती पेट घेते. वजनाच्या हिशेबाने एक भाग शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला राखण्याचे काम कार्बोरेटर करतो. त्याच्या पोटातून जाणारी हवेची वाट मधोमध अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. या घटलेल्या दाबामुळे तेथील बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते आणि हवेच्या झोताबरोबर त्याचे तुषार होतात. इटलीतील शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा अरुंद वाटेतील प्रवाहाचा अभ्यास केला, म्हणून त्या भागाला त्यांचेच नाव मिळाले आहे.

हंगेरीतील दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोन अभियंत्यांनी १८९३ मध्ये अशा तऱ्हेच्या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. एक फुलवाली नळीत फुंकर मारून फुलांवर पाण्याचे तुषार उडवीत होती, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. ती खरी असो वा नसो, समजावून सांगण्यास मात्र फार सोयीची आहे. कारण आपले पाठीवरचे फवारणी यंत्रही तेच करते : पंख्याचा वेगवान झोत नळीच्या तोंडाशी येतो आणि तेथे सोडलेल्या औषधाच्या धारेचे तुकडे करून त्याचे धुके बनवितो. म्हणजे फवारणी यंत्राच्या एका टोकाला औषधाचे तुषार होतात आणि दुसऱ्या टोकाला, बोटभर लांबीच्या कार्बोरेटरमध्ये, पेट्रोलचे. ज्याला नोझल तुंबल्यावर काय होते हे कळते, त्याला कार्बोरेटर कळण्यास वेळ लागू नये.

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले तर त्या मिश्रणास या लेखात विरळ म्हटले आहे, आणि पेट्रोल जास्त झाले तर दाट. कारागीर यांनाच लीन आणि रिच म्हणतात. विरळ मिश्रणाचे इंजिन तापते, आवाज कर्कश होतो, रेस देताच अडखळते. दाट मिश्रणाचे इंजिन काळपट धूर सोडते, आवाज घोगरा येतो, प्लग ओला व काळा होतो आणि पेट्रोल वाया जाते. या दोहोंत कोणता दोष अधिक घातक, हे समजण्यासाठी या इंजिनाची घडण थोडी पाहिली पाहिजे.

पेट्रोलमधूनच वंगण

मोटारीच्या किंवा आजच्या मोटारसायकलच्या इंजिनात वंगणाचे तेल तळाशी वेगळे साठविलेले असते. टू-स्ट्रोक इंजिनात तशी सोय नसते. तेथे पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या बंद पेटीत शिरते, तेथून वर जाते आणि मग जळते. त्या पेटीत तेल साठविणे शक्य नसल्यामुळे वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावे लागते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली लुना ज्यांनी चालविली आहे, त्यांना पेट्रोल पंपावर मापाने ऑइल घालून घेण्याची ती सवय आठवत असेल. लुना रस्त्यावरून गेली, पण तिचे इंजिन ज्या तत्त्वावर चालत असे ते आज शेतकऱ्याच्या पाठीवर आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते, आणि बहुतेक इंजिने ती न कळल्यामुळे निकामी होतात. पेट्रोल आणि ऑइल एकाच वाटेने येत असल्यामुळे पेट्रोल कमी केले की ऑइलही कमी होते. उदाहरणार्थ, २५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल या प्रमाणाने एका लिटरला ४० मिलिलिटर ऑइल घातले आणि यंत्र तासाला एक लिटर पेट्रोल पिते असे समजू. पेट्रोल वाचविण्याच्या हेतूने स्क्रू आवळून खप पाऊण लिटरवर आणला, तर तासाला इंजिनास मिळणारे वंगण ४० वरून ३० मिलिलिटरवर येते. त्याच वेळी विरळ मिश्रणामुळे इंजिनाची उष्णता वाढलेली असते, आणि आत येणाऱ्या पेट्रोलच्या थंडाव्याने पिस्टनला मिळणारा दिलासाही घटलेला असतो. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला शंभर वेळा पिस्टन वरखाली होतो. अशा गतीने कोरडे घासले गेलेले ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला चिकटते. यालाच इंजिन सीझ होणे म्हणतात. दाट मिश्रणाने यंत्र घाण होते, ते धुता येते. विरळ मिश्रणाने यंत्र मरते. तासाला पाव लिटर पेट्रोल वाचविण्याची किंमत नवा पिस्टन आणि नवा सिलिंडर ही असेल, तर तो व्यवहार कोणत्याही ग्रामपंचायतीने मंजूर करू नये.

याच्या उलट समजूतही गावोगाव आढळते. वंगण महत्त्वाचे म्हणून काही जण मापाहून दुप्पट ऑइल घालतात. ऑइल जितके वाढेल तितकी त्याच छिद्रातून जाणाऱ्या पेट्रोलची जागा कमी होते, आणि मिश्रण नकळत विरळ होते. शिवाय सायलेन्सर व प्लगवर काजळी धरते ती वेगळीच. तेव्हा पुस्तिकेत असेल तेच प्रमाण ठेवावे. २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, ४० ला १ असेल तर २५, आणि ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. ऑइल टू-स्ट्रोकसाठीचेच हवे. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेले किंवा तशाच जातीचे नवे ऑइल चालत नाही, कारण ते जळून जाण्यासाठी बनविलेले नसते. मापासाठी दवाखान्यातील सुई काढलेली मोठी सिरिंज उत्तम. कीटकनाशकाच्या बाटलीचे झाकण या कामी वापरू नये, हे सांगण्याची गरज पडू नये; परंतु ती पडते.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी

यंत्र नीट चालत होते आणि आता चालत नाही, तर स्क्रू आपोआप फिरलेला नसतो. तो स्प्रिंगने घट्ट धरलेला असतो. बदलले आहे ते दुसरेच काहीतरी. ते शोधून काढल्याशिवाय स्क्रू फिरविणे म्हणजे एक दोष झाकण्यासाठी दुसरा निर्माण करणे होय.

सर्वप्रथम पेट्रोल पाहावे. टाकीतील मिश्रण महिन्याहून जुने असेल तर ते काढून टाकावे आणि ताजे भरावे. केवळ एवढ्यानेच सुरू होणारी यंत्रे थोडी नाहीत. त्यानंतर हवेची जाळी. आपल्याकडील कोरड्या दिवसांतील धूळ आणि मळणीच्या वेळचा भुसा यांनी फोमची जाळी लवकर तुंबते. हवा कमी पडल्याने मिश्रण दाट होते, यंत्र धूर सोडते, आणि चालविणारा पेट्रोल कमी करण्यासाठी स्क्रू आवळतो. पुढे केव्हातरी कोणी जाळी धुतो. हवा मुबलक येऊ लागते. पेट्रोल मात्र आवळलेलेच राहते. इंजिन सीझ होते ते जाळी धुतल्यावर, आणि दोष जातो धुणाऱ्याच्या माथी! फोम साबणाच्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून, थोडे ऑइल लावून पिळून बसवावा. जाळी काढून ठेवून यंत्र चालविणे हा तर आत्मघातच. आत गेलेली धूळ ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरचे काम करते.

टाकीच्या झाकणाला हवा आत घेणारे सूक्ष्म छिद्र असते. ते बुजले की यंत्र पाच-दहा मिनिटे उत्तम चालते आणि मग उपाशी मरते. झाकण सैल करताच पुन्हा चालते. ही खूण इतकी स्पष्ट आहे की ती शाळेतील मुलालाही सांगता येईल. टाकीच्या आत नळीच्या टोकाला पेट्रोल गाळणारे छोटे फिल्टर असते, तेही तुंबते. पेट्रोलची रबरी नळी कडक होऊन तिला भेगा पडल्या असल्या तर तेथून हवा ओढली जाते. सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी असल्यास तीवर काजळीचा थर बसतो आणि धूर बाहेर पडण्यास वाव न मिळाल्याने रेस चढत नाही.

प्लग हा इंजिनाचा जणू दैनंदिनी लिहिणारा कारकून आहे. यंत्र दहा मिनिटे कामावर चालवून लगेच बंद करावे आणि गार झाल्यावर प्लग काढून पाहावा. टोकाचा रंग विटकरी वा मातकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळा व ओलसर असेल तर दाट. पांढुरका, भाजल्यासारखा असेल तर विरळ. हा शेवटचा रंग दिसला तर यंत्र तसेच पुढे चालवू नये.

आणखी एक दोष ओळखता आला पाहिजे. रेस सोडल्यावरही इंजिनाचा वेग आपोआप चढउतार करतो, यंत्र तिरके केले की आवाज बदलतो, आज बसविलेली जुळणी उद्या राहत नाही. अशा वेळी इंजिनाच्या सांध्यातून किंवा फिरत्या दांड्याच्या सीलमधून हवा आत शिरत असण्याचा संभव फार असतो. येथे कोणताही स्क्रू उपयोगाचा नाही. यंत्र जाणत्या मिस्त्रीकडे द्यावे.

दोन जातींचे कार्बोरेटर, दोन उलट दिशा

एवढे सर्व पाहूनही यंत्र सुधारले नाही, किंवा कार्बोरेटर उघडून साफ केला असेल, किंवा पूर्वी कोणी स्क्रूंशी खेळ केला असेल, तर जुळणीला हात घालावा. त्याआधी आपल्या यंत्रावर कोणत्या जातीचा कार्बोरेटर आहे हे ओळखणे आवश्यक आहे.

ब्रश कटर काम करताना तिरका होतो, म्हणून त्यावर पडद्याचा कार्बोरेटर असतो. त्यात पेट्रोल साठविणारी वाटी नसून एक पातळ लवचिक पडदा पेट्रोल मोजून घेतो. त्यामुळे यंत्र कोणत्याही कलाने धरले तरी चालते. यावर बहुधा तीन स्क्रू असतात. एल अक्षराचा स्क्रू मंद गतीचे पेट्रोल ठरवितो, एच अक्षराचा पूर्ण रेसचे, आणि तिसरा, टी किंवा तत्सम खूण असलेला, केवळ मंद गतीचा वेग कमीजास्त करतो. एल व एच हे पेट्रोलचे स्क्रू असल्यामुळे ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळले की मिश्रण विरळ होते, उलट सोडले की दाट होते.

अनेक पाठीवरच्या फवारणी यंत्रांवर मात्र जुन्या दुचाकींसारखा, वाटी व फ्लोट असलेला कार्बोरेटर असतो. त्याच्या बाजूचा छोटा स्क्रू काही ठिकाणी पेट्रोलचा नसून हवेचा असतो, आणि तो आवळला की हवा कमी होऊन मिश्रण दाट होते! म्हणजे दिशा नेमकी उलट. हा स्क्रू हवेच्या जाळीकडील बाजूस असेल तर तो बहुधा हवेचा समजावा. ब्रश कटरवर शिकलेला हात फवारणी यंत्रावर चुकतो तो येथे. अशा कार्बोरेटरमध्ये पूर्ण रेसचे पेट्रोल आतील सुईवर ठरते. सुईवरील क्लिप एक खाच खाली बसविली की सुई वर उचलली जाऊन मिश्रण दाट होते. वरच्या खाचेत बसविली की विरळ. कित्येक यंत्रांवर मंद गतीच्या स्क्रूखेरीज काहीच नसते. तेथे जुळणीचा प्रश्न उद्भवत नाही, सफाई हाच उपाय. छिद्र साफ करताना तार किंवा स्टोव्हची पिन घालू नये. स्टोव्हच्या नोझलला ती चालते. येथे छिद्र एका केसाने रुंद झाले तरी प्रमाण कायमचे बिघडते. कार्बोरेटर साफ करण्याचा फवारा मारून हवेने फुंकावे.

प्रत्यक्ष जुळणी

काम उघड्यावर करावे. बंद खोलीत या इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड प्राणघातक ठरू शकतो. ब्रश कटरचे संरक्षक कवच बसविलेले असावे, चालविणाऱ्याने पट्टा अडकविलेला असावा आणि १५ मीटरच्या आत कोणी उभे नसावे. शाळेच्या आवारात तर सुटीच्याच दिवशी हे काम घ्यावे. डोळ्यांना चष्मा हवा.

पडद्याच्या कार्बोरेटरवरील मूळ स्थिती नाहीशी झाली असल्यास एल व एच हे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने, टेकेपर्यंत आवळावेत. जोर लावल्यास सुईचे टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. मग दोन्ही एक-एक पूर्ण फेरा सोडावेत. ही केवळ सुरुवात. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण मानावा. यंत्र सुरू करून, चोक उघडून, चार-पाच मिनिटे गरम होऊ द्यावे. थंड इंजिनावर केलेली जुळणी फुकट जाते.

आधी एल. मंद गतीवर तो अगदी सावकाश आवळत जावे. वेग थोडा चढतो आणि मग अडखळतो. तेथून उलट सोडत जावे. वेग पुन्हा चढतो आणि मग आवाज जड होतो. या दोन टोकांमध्ये वेग सर्वांत चढतो ते स्थान धरावे आणि तेथून अष्टमांश फेरा दाट बाजूस सोडावा. एकदम रेस देऊन पाहावी. इंजिन गचका खाऊन गुदमरले तर आणखी किंचित सोडावे. धूर ओकीत संथपणे उठले तर किंचित आवळावे. नंतर टी स्क्रूने वेग असा ठेवावा की इंजिन बंद पडत नाही आणि पाते फिरत नाही. बहुतेक ब्रश कटरसाठी हा वेग मिनिटाला सुमारे २,८०० ते ३,००० फेरे असतो. रेस सोडल्यावर पाते फिरत राहणारे यंत्र कोणाच्याही हाती देऊ नये, कितीही घाईचे काम असले तरी.

शेवटी एच, आणि येथे कानाची परीक्षा असते. पूर्ण रेस काही सेकंदच द्यावी, सोडावी, पुन्हा द्यावी. स्क्रू सोडलेल्या, म्हणजे दाट बाजूने सुरुवात करावी. दाट मिश्रणात इंजिन प्रत्येक फेऱ्याला न पेटता एकाआड एक पेटते, म्हणून आवाज फाटका, घोगरा येतो. स्क्रू थोडा थोडा आवळत गेल्यास तो घोगरेपणा जाऊन आवाज स्वच्छ होऊ लागतो. तो पूर्ण स्वच्छ व तीक्ष्ण झाला, की तेथे थांबण्याचा मोह होतो. कारण यंत्र तेव्हा सर्वांत जोरात पळते. नेमके तेच स्थान टाळावयाचे असते. तेथून किंचित मागे यावे, इतके की रिकाम्या रेसला थोडा घोगरेपणा शिल्लक राहील आणि पाते गवतात शिरताच तो नाहीसा होईल. फवारणी यंत्रास पंख्याचा भार सतत असतो, त्यामुळे ही खूण तेथे तितकीशी लागू पडत नाही. तेथे सर्वोच्च वेगाचे स्थान शोधून थोडे दाट बाजूस यावे आणि प्लगच्या रंगावर विश्वास ठेवावा.

नव्या यंत्रांवर या स्क्रूंना प्लॅस्टिकच्या टोप्या असतात किंवा त्यांचे तोंड विशिष्ट हत्यारानेच फिरेल असे असते. धुराच्या नियमांसाठी ती मर्यादा घातलेली असते. टोपी फोडण्यापेक्षा मर्यादेत बसेल तेवढीच जुळणी करावी. मर्यादेत ती बसत नसेल तर दोष बहुधा अन्यत्र आहे.

ऋतू, उंची आणि पेट्रोलातील इथेनॉल

बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे, बालाघाटच्या पठारावरील गावे त्याहून उंच. या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने सुमारे पाच टक्के विरळ असते. ऋतूचा परिणाम त्याहून मोठा. मे महिन्यातील ४२ अंशांची हवा पहाटेच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के हलकी असते. हवा हलकी झाली की मिश्रण दाट होते, म्हणून भर उन्हाळ्यात नेमकी बसविलेली जुळणी थंडीत विरळ पडते. कडक उन्हाळ्यात जुळणी केलीच तर ती थोडी दाट बाजूसच ठेवावी, हे यावरून कळेल.

इथेनॉलचा प्रश्न अलीकडचा आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री देशात २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि २०२५ मध्ये मिश्रणाचे देशभरातील प्रमाण त्या पातळीस पोचले. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर उसापासून बनते, आणि राज्यातील तो ऊस तोडणाऱ्या हातांत बीडच्या मजुरांचा वाटा फार मोठा आहे. त्यांनी तोडलेल्या उसाचा अंश अशा रीतीने त्यांच्याच पाठीवरच्या यंत्रात परत येतो. इंधन आयातीच्या दृष्टीने या धोरणाचे महत्त्व निर्विवाद आहे. छोट्या इंजिनापुरते मात्र तीन बाबी लक्षात ठेवाव्यात. इथेनॉल जाळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे नऊ पट हवा पुरते, पेट्रोलसारखी १४.७ पट लागत नाही. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बसविलेला कार्बोरेटर २० टक्के मिश्रणावर सुमारे आठ टक्के विरळ चालतो. दुसरे असे की, इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली की पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे बसते, आणि टाकीतील नळीचे तोंड तळाशीच असते. त्या थरात ऑइल मिसळत नाही. तिसरे, जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व पडदे त्याने फुगतात किंवा कडक होतात. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा दिलेली आढळते. तेव्हा नवे यंत्र खरेदी करताना २० टक्के मिश्रणावर ते चालेल काय, हा प्रश्न लेखी विचारावा व उत्तर लेखी घ्यावे. असलेल्या यंत्राची जुळणी थोडी दाट ठेवावी, आणि पडदा व नळ्या दरवर्षी तपासाव्यात. पडद्याचा संच ही स्वस्त वस्तू आहे, सिलिंडर नाही.

फवारणाऱ्याचा श्वास

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य शासनाने त्याच्या तपासासाठी विशेष पथक नेमले. डोक्याइतकी वाढलेली पिके, निरनिराळी कीटकनाशके एकत्र मिसळण्याची प्रथा, संरक्षक साधनांचा अभाव या कारणांबरोबरच अतिसूक्ष्म तुषार उडविणाऱ्या वेगवान पंपांचीही तेव्हा चर्चा झाली.

कार्बोरेटरचा याच्याशी संबंध आहे. पंख्याचा वेग वाढला की थेंब बारीक होतात. बारीक थेंब पानावर न बसता हवेत तरंगतात आणि नाकावाटे फुफ्फुसात जातात. स्क्रू आवळून इंजिनाला ठरलेल्या वेगापलीकडे पळविणारा कारागीर औषधाचे धुके अधिक बारीक करीत असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. उलटपक्षी, ज्याचे इंजिन दर दहा मिनिटांनी बंद पडते तो मजूर औषधाने ओल्या हातांनी दोरी ओढतो, भरलेली टाकी पाठीवरून उतरवितो, पुन्हा चढवितो, आणि दरवेळी थोडे औषध त्याच्या मानेवर सांडते. बिघडलेले यंत्र फवारताना शेतात उभे राहून जुळवू नये. प्रथम औषधाची टाकी रिकामी करून धुवावी, हात साबणाने धुवावेत आणि जुळणी टाकीत साधे पाणी घालून करावी.

नोंद आणि साठवण

यंत्र ग्रामपंचायतीचे वा शाळेचे असेल तर त्याची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असतेच. तिच्याजोडीला एक साधी वही यंत्राबरोबर बांधून ठेवल्यास फार उपयोग होतो. ऑइलचे प्रमाण, एल व एच मूळ किती फेरे सुटलेले आहेत, जाळी केव्हा धुतली, प्लग केव्हा बदलला आणि शेवटी कोणी चालविले, एवढे त्यात असावे. यंत्र नवे असतानाच, कोणी हात लावण्याआधी, स्क्रूचे फेरे मोजून लिहून ठेवले तर पुढचे निम्मे वाद मिटतात. पुस्तिका अनेकदा इंग्रजीतच असते. गावातील शिक्षकाने तिच्यातील दोन पानांचा मराठी सारांश करून या वहीला चिकटविला, तर तो मोठाच उपकार होईल. अधिक माहितीसाठी अंबाजोगाई व खामगाव (ता. गेवराई) येथील कृषी विज्ञान केंद्रे, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि आपल्या जवळची औद्योगिक प्रशिक्षण संस्था येथे विचारणा करता येईल.

बीड जिल्ह्यापुरती एक अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, आणि यंत्र चालविणारा हात बहुधा त्यांच्याबरोबर जातो. घाईगर्दीत यंत्र आहे तसे कोपऱ्यात ठेवले जाते. टाकीत उरलेले पेट्रोल सहा महिन्यांत उडून जाते आणि कार्बोरेटरच्या छिद्रांत डिंकासारखा चिकट थर ठेवून जाते. जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखतो, आणि मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर आणतो. म्हणून टोळी निघण्यापूर्वी ज्याच्या हाती यंत्र होते त्याच्याकडूनच टाकी रिकामी करून घ्यावी, नंतर यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. प्लग काढून आत चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडावे, दोरी दोन-तीन वेळा हळू ओढावी, प्लग परत बसवावा. फवारणी यंत्राची औषधाची टाकी व नळी साबणाच्या पाण्याने धुवून उघडी वाळवावी. यंत्र धान्याच्या खोलीत न ठेवता कोरड्या, हवेशीर जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असे टांगावे आणि वहीत तारीख घालून त्याची सही घ्यावी.